तुळशीचं खरं माहेर

कतारच्या आठवणी सांगायचा मी कधी आळस केला नाही. गावात कुणी नुसतं "तिकडे उन्हाळा कसा हो?" असं विचारलं तरी मी अर्धा तास बोलतो. पण ही एक गोष्ट मी वीस-बावीस वर्षं गाळत आलो. नुसती गाळली असती तर एक वेळ चाललं असतं. मी तिच्या जागी दुसरी, जास्त देखणी गोष्ट लिहून ठेवली. आमच्या तालुक्याच्या एका दिवाळी अंकात माझा लेख आहे. वाळवंटात, एसीच्या गळक्या पाण्यावर मी एकट्याने तुळस कशी जगवली, हा त्याचा विषय. त्या लेखावरून शाळेत माझा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. मुख्याध्यापक म्हणाले, संस्कार पक्के असले की माती कुठलीही चालते. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

त्या लेखातलं एसीचं पाणी खरं आहे. बाकीचं खोटं. आता मला चौऱ्याहत्तरावं लागलंय आणि शाल कसरीने खाल्ली आहे, तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

मी १९९८च्या सुमारास कतारला गेलो. रास लफानला गॅसचा मोठा प्रकल्प उभा राहत होता आणि एका ठेकेदाराच्या पाइप यार्डात मी स्टोअरकीपर होतो. आमचा कॅम्प अल खोरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, वाळूत मांडलेल्या पत्र्याच्या खोल्यांचा. भारतीयांचा ब्लॉक भरलेला होता म्हणून कॅम्प बॉसने मला चार दिवसांसाठी थाई लोकांच्या ब्लॉकात टाकलं. ते चार दिवस पाच वर्षं चालले.

थाई म्हणजे नक्की कोण, हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या पत्रात बायकोला लिहिलं, 'सध्या चिनी लोकांत राहतो, काळजी नसावी.' ब्लॉकात चाळीसएक माणसं होती, बहुतेक वेल्डर आणि पाइपफिटर, मूळची भातशेतीवाली. पहिल्याच महिन्यात मी खोली बदलून मिळावी म्हणून तीन अर्ज केले. कारण लिहिलं, 'उग्र वासाचे मासे.' हे अर्ज लिहीत होतो तेव्हा माझ्या पेटीत, शर्टांच्या आत गुंडाळून, बायकोने बांधून दिलेला सुक्या जवळ्याचा पुडा होता. सगळ्या शर्टांना त्याचा वास लागला होता. पण तो घरचा वास. घरच्या वासाबद्दल कुणी अर्ज करत नाही.

त्या लोकांनी मात्र माझ्याविरुद्ध एकही अर्ज केला नाही, आणि त्यांना कारणं पुष्कळ होती. मी बूट घालून खोलीत शिरायचो. त्यांच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाय करून पेपर वाचायचो. एकदा तर एका वेल्डरने माझी तुटलेली पेटी दुरुस्त करून दिली म्हणून मी खूश होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्याकडे हा आशीर्वाद. त्यांच्यात डोकं म्हणजे देव्हारा, परक्याने त्याला हात लावायचा नसतो. तो वेल्डर झटकन मागे सरला. तेव्हा एक म्हातारा फोरमन उठला, त्याने आपलं टक्कल माझ्यापुढे वाकवलं आणि स्वतःच त्यावर दोन टपल्या मारल्या. सगळे हसले, प्रकरण मिटलं. काय मिटलं तेच मला कळलं नव्हतं.

या फोरमनला सगळे 'लुंग' म्हणत. लुंग म्हणजे थोरला काका. साठीला टेकलेला, बुटका, हातावर ठिणग्यांच्या खुणा. मीही त्याला लुंगच म्हणू लागलो. तो मला 'खेक' म्हणायचा. त्यांच्यात हिंदुस्तानी माणसाला असंच म्हणतात. मला वाटलं शिवी असावी. मी नाराज दिसलो तेव्हा त्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं की या शब्दाचा अर्थ पाहुणा.

लुंगने ब्लॉकामागे बाग केली होती. आमच्या खोल्यांचे एसी दिवसभर ठिबकायचे आणि इतर ब्लॉकांत ते पाणी वाळूत जिरायचं. लुंगने प्रत्येक एसीखाली प्लास्टिकचे पाइप जोडून सगळं पाणी एका पिंपात आणलं होतं. ज्या हातांनी गॅसच्या लायनी जोडल्या त्यांनीच ते सांधे जोडले, एक थेंब वाया जात नसे. उभे कापलेले तेलाचे ड्रम म्हणजे वाफे. खत म्हणजे खोरच्या एका मळ्यातून आणलेलं उंटाचं शेण. त्यात मिरच्या, पपई, वांगी, गवती चहा. रोज संध्याकाळी साइटवरून बस आली की लुंग अंघोळीच्या आधी बागेत. त्याची चार वर्षं त्या वाफ्यांत गेली होती. तिकडे गावी त्याची जमीन भावांनी वाटून घेतली होती आणि त्याच्या वाट्याला आलं होतं ते रस्त्यात गेलं, असं तो एकदा म्हणाला होता. म्हणजे जगाच्या पाठीवर त्याची म्हणावी अशी शेती ती एवढीच, आणि तीही आमच्या एसीवर अवलंबून.

गवती चहाचं एक पातं तोडून मी माझ्या चहात टाकलं, तेव्हा ते लोक पोट धरून हसले. भाजी कुणी चहात घालतं का? मीही हसलो. मग माझं लक्ष शेवटच्या ड्रमाकडे गेलं आणि माझं हसू गेलं. त्यात तुळस होती. एक नव्हे, सात-आठ रोपं, मंजिऱ्यांनी लगडलेली.

परमुलखात तुळस दिसल्यावर कोकणातल्या माणसाचं जे होतं तेच माझं झालं. मला वाटलं, काही असो, संस्कारी माणसं आहेत. दुसऱ्या दिवसापासून अंघोळ करून मी तांब्याभर पाणी घालू लागलो, हात जोडू लागलो. तीन-चार दिवस थाई मंडळी दातांत ब्रश धरून बघत राहिली. मग लुंगने विचारलं, "हिला नमस्कार कशाला? हिचा अजून पाला पण नीट झाला नाही."

मी सांगितलं, ही देवाची बायको.

त्याने जरा विचार केला. "तुमच्या देवाची बायको, आणि पाणी तू घालतोस? त्याला ठाऊक आहे का?"

त्याच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांनी मला जेवायला बसवलं. मोठ्या कढईत कोंबडीचा खिमा, मिरच्या, लसूण, आणि वरून ओंजळभर तुळशीचा पाला परतला. मला ती भाजी फार आवडते असा त्यांचा समज, म्हणून माझ्या ताटात पाला जास्त. मी बघत राहिलो. मी काही शाकाहारी नाही, गुरुवार सोडला तर कोंबडी मला वर्ज्य नव्हती. तुळसही नव्हती, तीर्थात रोज खात होतो. पण दोन्ही एकत्र आल्यावर माझा धर्म जागा झाला. मी उठलो आणि पोट बिघडल्याचं सांगितलं. लुंगला ते पटलं नसावं. संध्याकाळी त्याने एक रोप मुळासकट काढून वेगळ्या ड्रमात लावलं, माझ्या दाराशी आणून ठेवलं, आणि त्याच्या माणसांना काहीतरी दरडावलं. त्या दिवसापासून त्या रोपाचं पान कुणी तोडलं नाही. कांदा-लसूण संपला तर माझ्या कपाटातून नेत, पण 'खेकची देवी' म्हणून त्या रोपाला हात लावत नसत.

आता दुसरी बाजू. शुक्रवारी मी दोह्याला जायचो आणि तिथून पुढे अल वक्राला. तिथे एका साहेबांच्या व्हिलात आमची दहा-बारा मराठी कुटुंबं जमत. साहेब मोठ्या हुद्द्यावर, पण घरात चालायचं ते वहिनींचं. मी एकटा, कॅम्पात राहणारा, पाइप मोजणारा माणूस. मला तिथे बोलावत ते सतरंज्या अंथरायला आणि पातेली उचलायला. 'काका आले का? मग टेबलं सरकवून घ्या.' माझी प्रतिष्ठा एवढीच.

दर कार्तिकात वहिनींकडे, गाजावाजा न करता, तुळशीचं लग्न लागायचं. दोह्यात तेव्हा आम्हाला तुळस मिळत नव्हती. म्हणून वहिनींनी बाजारातून प्लास्टिकची हिरवी झुडपी आणली होती आणि तीन वर्षं बाळकृष्णाचं लग्न तिच्याशी लागत होतं. पुण्याचे एक गृहस्थ त्याला 'प्रतीकात्मक' म्हणत. लग्नानंतर वहिनी नवरीला साबणाच्या पाण्याने धुऊन कपाटात ठेवीत.

त्या वर्षी मी छाती काढून म्हणालो, "यंदा खरी तुळस मी आणतो."

लुंगकडे रोप मागितलं तेव्हा त्याने सगळ्यात चांगलं निवडलं, दूध पावडरीच्या डब्यात बसवलं, ओल्या गोणपाटाने बांधलं. कशाला हवं, विचारलं. मी म्हणालो, लग्न आहे. कुणाचं? हिचं. आतापर्यंत आमच्या देवाधर्माची त्याला सवय झाली होती, त्यामुळे तो चकित झाला नाही. त्याने एवढंच विचारलं, "मी येऊ? हिला मी वाढवली."

शुक्रवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर उभा होता. मी त्याला सांगितलं, गाडीत जागा नाही. कंपनीची बस होती. अर्धी रिकामी.

वक्र्याला त्या दिवशी माझं जे स्वागत झालं तसं माझ्या लग्नातही झालं नव्हतं. डबा माझ्या हातून घ्यायला चार बायका पुढे आल्या. कुणी पान चुरगळून हुंगलं आणि डोळे पुसले. वहिनींनी विचारलं, "काका, मुलीचं माहेर कुठलं म्हणायचं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "आमच्या अंगणातलं बी. येताना रुमालात बांधून आणलं, खोलीबाहेर लावलं."

"ऐका," वहिनी साहेबांना म्हणाल्या, "आणि तुम्हाला चार वर्षांत साधी कोथिंबीर लावता आली नाही." मग पुन्हा पान हुंगत, "वास जरा तिखट आहे, नाही?"

"कोकणातली आहे," मी म्हणालो. "तिकडची माणसंही तशीच."

सगळे हसले. पहिल्यांदाच त्या घरात माझ्या विनोदाला लोक हसले. मग वहिनींनी जाहीर केलं की रोप आणणारा तो मुलीचा बाप, कन्यादान काकाच करतील. मी पाटावर बसलो, अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, आणि दुसऱ्याच्या मुलीचं कन्यादान करून मी लाडू खाल्ले. सतरंज्या त्या दिवशी साहेबांनी उचलल्या.

पण प्रतिष्ठेला लगेच फांद्या फुटतात. सहा घरांना माझ्याकडची रोपं हवी होती. वहिनी म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी आम्ही सगळेच तुमच्याकडे येतो, पुरणपोळ्या घेऊन. मुलांनाही काकांची बाग दिसेल. त्यांच्या धाकटीने इंग्रजीत विचारलं, उंट असतील का? मी सगळ्यालाच हो म्हणालो.

बसमध्ये डोळ्यांपुढे चित्र आलं. शुक्रवार, दुपार, वहिनी पैठणी नेसून पुरणपोळ्यांचा डबा घेऊन उतरताहेत, आणि बागेच्या मधोमध चाळीस थाई उकिडवे बसलेत, कढईत कोंबडी, आणि लुंग वरून तुळस टाकतोय. तो मला हाक मारणार, आणि वहिनींनाही ताट वाढणार.

चार दिवस मी विचार केला. लुंगला म्हणता आलं असतं, बाबा, या शुक्रवारी कढई दुसरीकडे मांड. त्याने का म्हणून विचारलं नसतं. पण तेवढंही सांगायचं तर त्याच्याशी खोटं बोलावं लागलं असतं, आणि त्या माणसाच्या तोंडावर गाडीत जागा नाही म्हणालो, तेवढं एक खोटं पुरे झालं होतं. म्हणून बुधवारी मी कॅम्प बॉसकडे गेलो आणि सांगितलं की ब्लॉकामागे पाणी साचतं, डास होतात.

"किसका कम्प्लेंट लिखूँ, अंकल?" त्याने विचारलं.

"नाम मत लिखना," मी म्हणालो.

मला काय हवं होतं हे आता नेमकं सांगू शकतो. त्या शुक्रवारी ती माणसं तिथे नको होती. बाग हलली की माणसं हलतील, इतका विचार मी केला. वहिनींना सांगायचं वाक्यही तयार होतं, कॅम्पवाल्यांनी काढून टाकली हो, डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे प्रतिष्ठा राहिली असती आणि वर सहानुभूती. बाग जाते म्हणजे काय होतं, याचा विचार मी केला नव्हता. झाडं सोडवून दुसरीकडे नेतील, मुदत देतील, असं काहीतरी डोक्यात होतं.

त्याच आठवड्यात हेड ऑफिसची पाहणी होती. गुरुवारी आम्ही साइटवर असताना कॅम्प बॉसने लोडर बोलावला.

संध्याकाळी बस आली तेव्हा ब्लॉकामागची जागा वाळूने सपाट केलेली होती. ड्रम एकावर एक रचून ट्रकमध्ये चढवले होते. पाइप मोडून बाजूला टाकलेले. माझ्या दाराशी ठेवलेला ड्रमही नव्हता, लोडरवाल्याला काय ठाऊक तो कुणाच्या देवाचा. थाई लोक आपसांत हळू बोलत होते.  लुंग त्या सपाट जागेवर मोजल्यासारखा इकडून तिकडे चालला, वाळूतून एक पपईचं देठ उचललं, परत ठेवलं. मग माझ्याकडे आला.

मी दारात उभा होतो. वाटलं, कळलं याला.

"सॉरी, खेक," तो म्हणाला. "तुझी देवी मला वाचवता आली नाही. पाणी साचलं म्हणे. पिंपावर झाकण करणार होतो, राहून गेलं."

मी म्हणालो, असू दे, चालायचंच. थोडक्यात, मी त्याला माफ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्प ऑफिसात वहिनींचा फोन आला. मुलांना कुणाच्या तरी वाढदिवसाला जायचं होतं. "आणि तुमचं खोर फार आडबाजूला पडतं हो. पुढच्या वेळी नक्की. इन्शाल्ला." त्या शेवटपर्यंत आल्या नाहीत. रोपं नेणार होती त्या सहा घरांतलंही कुणी आलं नाही. पुढच्या कार्तिकात वहिनींनी प्लास्टिकची नवरी पुन्हा कपाटातून काढली, आणि मी सतरंज्या अंथरल्या.

लुंगने पुन्हा बाग केली नाही. शुक्रवारी ते मेसमधलंच जेवू लागले. काही महिन्यांनी, बराच धीर करून, मी त्याला विचारलं की दुसरीकडे कुठे लावत का नाहीस. तो म्हणाला, इथे पाणी नाही. आमच्या डोक्यावर एसी ठिबकत होता आणि खाली वाळूत बोटभर खळगा पडला होता.

वर्षभरात त्याचा करार संपला. कंपनी वाढवून द्यायला तयार होती, त्यानेच नको म्हटलं. तो जाणार कळल्यावर मी ठरवलं की सांगायचं, आणि त्याच्या भाषेत सांगायचं. माझ्या शेजारी झोपणाऱ्या थाई इलेक्ट्रिशियनला विचारलं, माफी कशी मागतात? त्याने शिकवलं, 'खो थोत खाप.' बागेची तक्रार मी केली, हे वाक्यही तुकड्या-तुकड्यांनी काढून घेतलं, म्हणजे त्याला संशय येऊ नये. मग त्याने विचारलंच, कुणाची माफी मागायची आहे? मी म्हणालो, कॅम्प बॉसची. तो म्हणाला, त्याला थाई कुठे येतं?

सगळं मी एका कागदावर देवनागरीत लिहिलं. दहा दिवस पाइपांच्या राशींमध्ये उभा राहून पाठ केलं.

सकाळी विमानतळाची गाडी आली. सगळा ब्लॉक बाहेर होता. लुंगने एकेकाचा निरोप घेतला आणि शेवटी माझ्यापुढे येऊन हातावर काड्यापेटी ठेवली. उघडली तर आत बी. बारीक, काळसर. पहिल्या वर्षीच्या मंजिऱ्यांचं काढून ठेवलं होतं म्हणे, खोलीत होतं म्हणून वाचलं. "तुझ्या घरी लाव," तो म्हणाला. "लग्न कर." आज आमच्या वृंदावनात आहे ती तुळस त्याच बियांची. बायको तिला रोज पाणी घालते, आणि लेखात छापलंय ते खरं धरून चालते की हे बी आमच्याच अंगणातून गेलं आणि आमच्याच अंगणात परत आलं.

त्याने हात जोडले. मीही जोडले. कागद शर्टाच्या खिशात होता, पण बघायची गरज नव्हती, सगळं तोंडाशी आलं होतं. मला त्यांच्या भाषेतलं आणखी एक वाक्य येत होतं, पहिल्या आठवड्यापासून येत होतं, जेवणाचं ताट घेताना म्हणायचं. तेच बाहेर पडलं.

"खोप खुन खाप," मी म्हणालो. आभारी आहे.

"व्हेरी गुड थाई," लुंग म्हणाला, आणि गाडीत बसला.

गाडी गेटबाहेर पडून खोरच्या रस्त्याला लागली, बाकीचे कामाच्या बसकडे गेले. मी खिशातला कागद काढला आणि त्या रस्त्याकडे तोंड करून पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. खो थोत खाप, लुंग. उच्चार बरोबर होता की नाही, ते सांगायला तिथे कुणी नव्हतं.